‘आणि’च्या पुढचं

तिकीटबाई बोलायला लागल्या की समोरच्याने आधी बसायची जागा शोधावी. उभ्या उभ्या उरकेल असं ते प्रकरण नव्हे. तारांगणाच्या तिकीटखिडकीत त्यांनी अर्धं आयुष्य काढलं. त्या खिडकीशी आलेला माणूस तिकिटाबरोबर आपल्या गुडघेदुखीवर एक उपाय, मुलाच्या अभ्यासाबद्दल दोन सल्ले आणि "पुढच्या खुर्चीवर पाय ठेवायचे नाहीत हं" अशी ताकीद घेऊनच पुढे सरकायचा. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं त्यांची सासू म्हणायची. सासू गेली, जीभ शाबूत राहिली.

त्यांचे यजमान त्याच तारांगणात, पण आत, अंधारात. त्यांना सगळे निवेदकबुवा म्हणत. मोठ्या घुमटाखाली मधोमध एक टेबल, टेबलावर बटणांची रांग, शेजारी घुमटावर तारे पाडणारं ते भलंमोठं यंत्र, आणि या सगळ्यात बुवांचा आवाज. काय आवाज होता तो! रिकाम्या रांजणात तोंड घालून बोलावं तसा घुमायचा, पण कानाला गोड. आईच्या कडेवर किंचाळणारं पोर तो आवाज ऐकून अंगठा तोंडात घालायचं. दुसऱ्या गावांतल्या तारांगणांनी केव्हाच ध्वनिमुद्रित निवेदन लावून टाकलं होतं, पण इथे मात्र बुवा रोज स्वतःच्या तोंडाने आकाश सांगायचे.

हा खजिना फक्त बाहेरच्यांसाठी. घरी पाऊल टाकलं की बुवा मिटले. बाईंचा सगळा राग त्याच्यावर. "जगाला आकाश उलगडून सांगता, आणि भाजीत मीठ कमी आहे एवढं सांगायला तुमची जीभ वळत नाही!" बुवा हसायचे आणि कमी मिठाची भाजी निमूट संपवायचे. घरात त्यांच्या तोंडून हमखास ऐकू यायचा तो एकच शब्द, "अगं". टॉवेल सापडत नाही, "अगं". चष्मा स्वतःच्या कपाळावर आहे, तरी "अगं". बाई आतून "ओ" द्यायच्या आणि लगेच वर ऐकवायच्या, "काय आहे आता? दोन हात आहेत मला, दहा नाहीत."

आता एक गोष्ट सांगतो, ती तुम्हाला पटायची नाही. इतकी वर्षं तिथे नोकरी करून बाईंनी तो खेळ एकदाही पाहिला नव्हता. अहो, शिंप्याचा सदरा कधी धड पाहिलाय का? उसवलेलाच असतो. तसंच हे. खेळ सुरू झाला की बाईंनी खिडकी सोडायची नाही, उशिरा येणाऱ्यांना परत पाठवायचं, फोन घ्यायचे. खेळ पाहिला नव्हता, पण ऐकला मात्र रोज होता. आत जायचं दार खिडकीला लागूनच. त्या दारातून बुवांचा आवाज झिरपायचा आणि तिकिटांचे गठ्ठे लावता लावता बाईंचे ओठ त्याच्याबरोबर हलायचे.

मोठ्या ताऱ्याची गोष्ट तर त्यांना झोपेत विचारली असती तरी सांगता आली असती. तारा जितका मोठा, तितका त्याचा खर्च मोठा. लहान तारे जपून जळतात, अब्जावधी वर्षं पुरवून पुरवून. मोठा मात्र उधळ्या. आधी हायड्रोजन जाळतो, तो आटला की हेलियम, मग कार्बन, मग निऑन, ऑक्सिजन. आणि दर वेळी नवं इंधन आधीच्यापेक्षा लवकर संपतं. शेवटचं सिलिकॉन तर जेमतेम एक दिवस. त्याचं होतं लोखंड. इथे बुवा आवाज खाली आणायचे. "ताऱ्याच्या पोटात लोखंडाची गाठ जमते. बाहेरून काही कळत नाही. बाहेरून तारा तसाच झगझगीत. पण लोखंड जाळून ऊब मिळत नाही. आतून आधार देणारी आग विझते. आणि..."

या "आणि"वर बुवा थांबायचे, आणि बाई उठायच्या. ती त्यांची खूण होती. बाहेर पडायचं दार घुमटाच्या अगदी दुसऱ्या टोकाला, गोल बोळाला पूर्ण वळसा घालून. मधेच कुणी ते उघडलं तर उजेड आत घुसून आकाश फिकं पडतं, म्हणून त्याला कुलूप, आणि किल्ली बाईंच्या कमरेला. वळसा घालून, कुलूप काढून, जाड पडदा सारून बाई उभ्या राहीपर्यंत आत दिवे लागलेले असायचे आणि माणसं डोळे चोळत उठत असायची. म्हणजे "आणि"च्या पुढे बुवा काय सांगतात, हे बाईंनी कधी ऐकलंच नव्हतं. ऐकायची गरजही वाटली नव्हती. फुटल्यावर काय राहतं? कप फुटला की काचा राहतात, त्या गोळा करायच्या.

मग एका थंडीत बुवांचा आवाज बसला. बाईंनी आपल्या पोतडीतले सगळे उपाय काढले. गुळण्या झाल्या, वाफ झाली, गळ्याला गरम फडकं झालं. आवाज काही वर येईना. उलट खेळाच्या मधेच तो तुटायला लागला. शेवटी घशाच्या डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं आणि सांगितलं, स्वरतंतूवर गाठ आहे. काढू, तपासणीला पाठवू, रिपोर्ट आला की बघू. तोपर्यंत तोंडाला कुलूप. एक शब्द नाही. कुजबूज तर मुळीच नाही, कुजबुजीने जास्त ताण पडतो.

डॉक्टर आणखी पुष्कळ बोलले, पण बाई "गाठ" या शब्दापाशीच अडकल्या. बाहेरून काही कळत नाही. बाहेरून तारा तसाच झगझगीत. रोज ऐकलेली ती ओळ आता रोज आतून ऐकू यायला लागली. भांडी घासताना, बसच्या थांब्यावर, तिकिटं फाडताना. लोखंडाची गाठ, आणि. बाईंना त्या "आणि"ची भीती बसली. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात ते खोटं नाही. जी बाई शेजारणीच्या मांजराला पिल्लं किती झाली हेसुद्धा पोटात ठेवू शकत नव्हती, तिने ही भीती कुणापाशी म्हणून बोलून दाखवली नाही. परगावच्या लेकीपाशीही नाही.

गाठ काढून बुवा घरी आले. लेकीचा फोन रोज यायचा. फोन बुवांच्या कानाला, बुवांच्या हातात चमचा. हो म्हणायचं तर वाटीवर एकदा टण्, नाही म्हणायचं तर दोनदा. लेक तिकडे हसायची. बाई इकडे हसायच्या आणि मोरीत जाऊन डोळ्यांवर पाणी मारायच्या.

बाकी कामासाठी लहान मुलांची पुसायची पाटी आणली होती. एकदा जेवताना बुवांनी ती पुढे ओढली आणि लिहिलं, "मीठ कमी." झालं! ज्या दोन शब्दांसाठी जन्मभर भांडण केलं ते समोर आले आणि बाईंना रडूच फुटलं. बुवा घाबरले. त्यांनी घाईने "कमी" पुसून "बरोबर" लिहिलं. बाई रडता रडता म्हणाल्या, "आता खोटं बोलू नका, लिहून तरी."

आणि ते बोलावणं! "अगं" म्हणता येत नाही म्हणून बुवा आतल्या खोलीतून टाळ्या वाजवायला लागले. पहिल्या दिवशी बाईंनी सहन केलं. दुसऱ्या दिवशी दारात उभ्या राहून म्हणाल्या, "मी काय कोंबडी आहे का, टाळ्या वाजवून बोलवायला?" म्हणाल्या खऱ्या, पण खरं दुखणं वेगळं होतं. तो घुमटातला मोठा आवाज नाही आला तरी त्यांचं भागलं असतं. तारे काय, आपल्या पायांनी उगवतात. पण दुसऱ्या खोलीतून "अगं" ऐकू आलं नाही तर त्या घरात आपण कशाला आहोत, हेच त्यांना कळेना.

असं करता करता रिपोर्टचा दिवस उजाडला. डॉक्टरांनी संध्याकाळी बोलावलं होतं. बाईंचं म्हणणं, आज घरी पडून राहा. बुवांनी पाटीवर लिहिलं, "यंत्र कोण चालवणार?" आणि डबा उचलून निघाले. आवाज बंद असला तरी बटणं तेच दाबत होते. निवेदनाला कुठलंतरी जुनं ध्वनिमुद्रण लावलेलं. त्यातला माणूस असा बोलायचा, जणू गोष्ट सांगत नाही, सरकारी सूचना वाचतोय. बाईंना तो डोळ्यांपुढे नको होता. दिसत नव्हता तरी.

दुपारच्या खेळाला शाळेची पोरं आली होती. लांबून, चार बसगाड्या भरून. घुमट गच्च. बाईंनी दार लावून घेतलं, खिडकीत येऊन बसल्या, आणि आतून त्या सरकारी माणसाचा आवाज आला, "या अथांग अवकाशा... काशा... काशा... काशा..." मग एक लांबलचक खरखर, आणि मग काहीच नाही. पोरांना तर मेजवानीच. दोनशे गळ्यांतून "काशा काशा काशा" सुरू झालं.

तारांगणाच्या संचालकबाई ऑफिसातून धावत आल्या. शिस्तीच्या बाई, पण मनाने भल्या. त्यांनी यंत्राशी खटपट केली, कपाळाला हात लावला, म्हणाल्या, "रद्द करावा लागेल. परत पाठवू सगळ्यांना." तेवढ्यात बुवांनी पाटी वर केली. त्यावर लिहिलं होतं, "ही सांगेल. पाठ आहे." आणि बोट दारातून डोकावणाऱ्या तिकीटबाईंकडे.

"कोण, मी?" बाई म्हणाल्या. "अहो, डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? मी तिकिटं फाडते!"

बुवांनी "पाठ आहे" खाली आणखी एक रेघ मारली.

"मला नाही जमायचं. चारचौघांत माझी छी थू व्हायची."

"चारचौघांत तुम्हाला बोलायला जमत नाही?" संचालकबाईंनी अगदी गंभीर चेहऱ्याने विचारलं. पाच मिनिटांत तिकीटबाई बुवांच्या शेजारी स्टुलावर बसल्या होत्या. चष्मा खिडकीत राहिला होता, किल्ली कमरेला होती. दिवे मालवले.

वर आकाश उघडलं. बाईंनी मान वर केली आणि "अगं बाई!" त्यांच्या तोंडून निघालं ते थेट ध्वनिक्षेपकातून घुमटभर गेलं. पोरं खिदळली. त्या खिदळण्याने बाईंना जरा धीर आला. खिडकीपुढची गर्दी तीच ही, फक्त दिसत नाही एवढंच, असं मनाशी म्हणून त्यांनी सुरुवात केली.

सुरुवातीची चार वाक्यं बुवांची निघाली, पाचवं त्यांचं स्वतःचं. "मोठा तारा म्हणजे काय, सांगू का? मोठं घर, पोकळ वासा. थंडी पडलीय, शेकोटी पेटती ठेवायची आहे. आधी लाकडं जाळली. लाकडं संपली. मग खुर्च्या जाळल्या. खुर्च्या किती वेळ पुरणार? मग पलंग, मग दारं, मग खिडक्या. प्रत्येक वस्तू आधीच्यापेक्षा लवकर संपते. पण थांबून चालत नाही, कारण आतली आग आहे म्हणून तर छप्पर उभं आहे. आग विझली की छप्पर डोक्यावर!" टेबलाशी बुवांचे खांदे हलत होते. हसत होते की काय, अंधारात कळेना. बुवांच्या हातातला प्रकाशाचा बाण मात्र बाईंच्या शब्दांबरोबर बिनचूक फिरत होता. हेलियम म्हटलं की हेलियमवर, कार्बन म्हटलं की कार्बनवर. संसारात दोघांचं इतकं जुळलेलं कधी पाहिलं नव्हतं कुणी.

"शेवटी घरात उरला एक लोखंडी तवा. तो घातला शेकोटीत. तवा जळतो का? नाही. उलट शेकोटीचीच ऊब खातो! ताऱ्याच्या पोटात तसंच होतं. लोखंडाची..." इथे बाईंना संध्याकाळ आठवली. डॉक्टरांचं टेबल आठवलं. "लोखंडाची गाठ जमते. बाहेरून काही कळत नाही. बाहेरून तारा तसाच झगझगीत. आणि..."

आणि बाई उठल्या. सवयच ती! कमरेची किल्ली हातात घेऊन दोन पावलं टाकलीसुद्धा, आणि तिथेच खिळल्या.

"आणि"नंतर बुवा थांबतात ते पाणी प्यायला, असं त्यांना इतकी वर्षं वाटायचं. वर तो तारा क्षणभर आत बसला. नुसता बसला, पाय घसरल्यासारखा. त्याचा गाभा डोळ्याचं पातं लवायच्या आत कोसळला, वरचं सगळं त्याच्यावर येऊन आदळलं आणि तिथून उलटून बाहेर फेकलं गेलं. घुमट पांढरा झाला. खुर्च्या दिसल्या, दोनशे पोरांचे उघडे चेहरे दिसले, बुवांचा हात बटणावर दिसला. कुणी बोलत नव्हतं. बोलण्यासारखं काही नव्हतंच.  मग तो उजेड हळूहळू ओसरला.

पुढच्या रांगेतून एका मुलीचा बारीक आवाज आला. "आपला सूर्यपण फुटणार?"

बाईंना काय माहीत! त्यांची गोष्ट इथेच संपत होती, आणि तोंडाला तर सवय होती, विचारलं की उत्तर द्यायचं. मनात होतं तेच बाहेर पडलं. "फुटणारच की गं, कधीतरी. सगळेच..."

मुलगी रडायला लागली. तिची शेजारीण लागली. मग रांगच्या रांग. अंधारात दोनशे पोरांचं रडं म्हणजे काय असतं, ते ज्याने ऐकलं त्यालाच माहीत. मास्तरीण उठून शुक् शुक् करतेय, कोण कुणाच्या अंगावर पडतंय, आणि बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. तेवढ्यात त्यांनी पाहिलं, बुवा उभे राहिलेत. ध्वनिक्षेपक हातात घेतलाय. छाती भरून श्वास घेतलाय आणि तोंड उघडलंय.

बाई तिथून कशा झेपावल्या ते त्यांचं त्यांना माहीत. टाळलेला एक शब्द आज बाहेर पडला असता आणि कापलेल्या जागी टाका तुटावा तसा तो आवाज जन्माचा गेला असता. त्यांनी बुवांच्या तोंडावर तळहात दाबून धरला. "खबरदार," त्या दातांतून म्हणाल्या. "पोरं रडू देत. जग बुडू दे. तुम्ही बोलायचं नाही."

बुवांनी त्यांचा हात हळूच खाली केला, मान हलवली आणि पाटी ओढली. टेबलाशी तांबड्या काचेची छोटी विजेरी असते, डोळ्यांना झालेली अंधाराची सवय मोडू नये म्हणून. तिच्या उजेडात ते भराभरा लिहायला लागले. बाईंनी पाहिलं तर मुंग्यांची रांग.

"दिसत नाही हो! चष्मा बाहेर राहिला."

बुवांनी पाटी पुसली आणि पाटीभर एकच शब्द लिहिला. "नाही."

"नाही!" बाई ओरडल्या. "ऐका रे, नाही म्हणतायत! नाही फुटणार!"

पाटी पुसली. "सूर्य." पुसली. "हलका."

"सूर्य हलका आहे! फुटायला वजन लागतं रे बाळांनो, आपल्यासारखे..." बुवांनी दोन्ही हातांची आठ बोटं नाचवली. "आठ! आठ सूर्य एका जागी घालावे तेवढं तरी वजन लागतं. आपला सूर्य त्यातला नव्हेच. तो काटकसरी. तो म्हातारा होईल, फुगेल जरा, आणि मग शांतपणे निवत जाईल. तेही अब्जावधी वर्षांनी. तोपर्यंत कुणी रडायचं कारण नाही. आणि ए, तू पहिली, नाक पूस."

रडं ओसरलं. पण बुवा थांबले नव्हते. त्यांनी बटण दाबलं आणि घुमटावर त्या फुटलेल्या ताऱ्याच्या जागी तांबडा-निळा विरत जाणारा ढग पसरला. पाटीवर आलं, "राख." मग, "त्यातून." मग, "नवे तारे." ढगाच्या कडेला खरंच बारीक बारीक ठिणग्या पेटत होत्या. बाई एकेक शब्द वाचत गेल्या आणि त्यांचा आवाज आपोआप खाली येत गेला. "तो फुटला म्हणून त्याच्या पोटातलं सगळं बाहेर सांडलं. त्या राखेतून पुढचे तारे झाले. त्यातलाच आपला सूर्य. त्यातलीच ही जमीन." पाटीवर "श्वास" आलं, आणि "रक्त". "आपण श्वासात घेतो तो ऑक्सिजन अशाच मोठ्या ताऱ्यांनी रांधलेला. रक्तातलं लोखंडही असंच फुटलेल्या ताऱ्यांमधून आलेलं." आणि मग बाई स्वतःशीच, पण ध्वनिक्षेपकातून म्हणाल्या, "म्हणजे ते वाया नाही गेलं होय. मला वाटायचं, नुसत्या काचा."

दिवे लागले. पोरांनी टाळ्यांचा कडकडाट केला आणि दाराकडे धाव घेतली. दार बंद! पडद्यापाशी ही रेटारेटी. बुवांनी पाटी उंच धरली, "दार!!" आणि बाई "अगं बाई, किल्ली!" म्हणत गर्दीतून वाट काढत धावल्या. ती रडकी मुलगी बाहेर पडताना त्यांचा पदर ओढून विचारून गेली, "उद्यापण तुम्हीच सांगणार?" बाई म्हणाल्या, "देव करो आणि नाही."

संध्याकाळी दोघं डॉक्टरांच्या बाहेरच्या खोलीत बसली होती. भिंतीवर घशाचं उभं कापलेलं चित्र. बाई त्याच्याकडे बघत नव्हत्या. भीती गेली होती असं नाही, ती होतीच.  पण दिवसेंदिवस कानात वाजणारी ती ओळ आज "आणि"पाशी थांबत नव्हती, पुढे जात होती. बुवांनी त्यांचा गार हात आपल्या मांडीवर ओढून घेतला. आत बोलावलं.

डॉक्टरांनी पाकीट फोडलं, कागद वाचला, उलटून पाठ वाचली. डॉक्टर लोकांना हा कागद आधी वाचून मग माणसाला बोलवायला काय होतं, देव जाणे! मग ते म्हणाले, "साधी गाठ आहे. त्यात वाईट काही नाही. बोलून बोलून घट्टा पडतो, तसलीच."

"म्हणजे?" बाई म्हणाल्या.

"म्हणजे काळजीचं कारण नाही."

"म्हणजे अगदी नाही?"

"अगदी नाही."

बाईंचा जीव भांड्यात पडला, आणि पडला तो असा आवाज करून, की बाहेरच्या खोलीतल्या पेशंटांनी माना वळवल्या. बाई रडत होत्या, हसत होत्या, डॉक्टरांना एकाच दमात आशीर्वाद देत होत्या आणि वर "आधी नाही का सांगायचं" म्हणून रागेही भरत होत्या. डॉक्टरांनी तेवढ्यात बुवांचा घसा पाहून घेतला आणि म्हणाले, "जखम छान भरलीय. बोलून बघा आता. हळू. ताणायचं नाही. आणि बाई, तुम्ही जरा..."

बाईंनी पदर तोंडाशी धरला. बुवा सावरून बसले. बाईंना वाटलं, आता काहीतरी मोठं येणार. घुमटातलं एखादं वाक्य, अवकाशाचं, अब्जावधी वर्षांचं. इतके दिवस साठवलंय माणसाने. बुवांनी त्यांच्याकडे पाहिलं. पहिल्यांदा नुसती हवा आली. मग एक आवाज आला, खरबरीत, अर्धा, रांजणाचा तळ खरवडल्यासारखा.

"अगं."

 जन्मभर त्या शब्दाला बाईंनी दहा कामं हातात असताना, दुसऱ्या खोलीतून, कावून, मागे न बघता उत्तर दिलं होतं. आज समोर बसून, दोन्ही हात रिकामे असताना, त्यांना ते एक अक्षर काही केल्या निघेना. डॉक्टर वाट बघत होते. बुवा वाट बघत होते. शेवटी पदराने नाक पुसून त्या म्हणाल्या,

"ओ."